एकतीस बदल, एकतीस नमुने

माझी मावशी बदकं उलटी लिहिते. आधी पाय, मग पोट, मग मान आणि शेवटी डोकं. विणकामाचं मशीन खालून वर विणत जातं, त्यामुळे फाइलमधली पहिली ओळ ही नक्षीची तळाची ओळ असते. एकोणीस वर्षं तिनं स्क्रीनवर मुळं वर केलेली झाडं आणि छपरावर उभी असलेली घरं पाहिली आहेत. तिच्या हातात कुणी फोटो दिला की काका म्हणतात, "बघ हं, आता उलटा धरेल." तिनं एकदाच धरला होता, पण त्या एका वेळेवर काकांची अजून करमणूक चालू आहे.

स्वेटर आणि पांघरुणं विणणाऱ्या एका लहान कारखान्यात ती नक्षी लिहिते. काढत नाही, लिहिते. प्रत्येक टाक्याला एक खूण. १ म्हणजे पिवळी लोकर, २ म्हणजे निळी, ३ म्हणजे तपकिरी. जिथे काहीच न लिहिता मोकळी जागा सोडलेली असते, तिथे पांघरुणाचा मूळ रंग. एका ओळीत दोनशे चाळीस टाके. ज्या साध्या प्रोग्रॅममध्ये हे सगळं लिहायचं त्याला टेक्स्ट एडिटर म्हणतात. मावशी त्याला पाटी म्हणते, कारण त्यात लिहायचं आणि पुसायचं, याखेरीज तिनं कधी काही केलं नव्हतं.

चौतिसाव्या वर्षी ती तिथे लागली ती शिलाईच्या टेबलावर. बाह्या जोडायच्या, सुटलेले धागे कापायचे. तेव्हा नक्षी लिहिणारे एक वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना मास्तर म्हणत. एकदा मावशीनं एक बाही उलटी करून नुसत्या मागच्या धाग्यांवरून सांगितलं, की चाळिसाव्या ओळीत एक टाका निळ्याऐवजी तपकिरी पडलाय. मास्तरांनी फाइल उघडून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिची खुर्ची आपल्या शेजारी ओढून घेतली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची जागा तिच्याकडे आली आणि एक सवयही. नमुना तळहाताएवढा का असेना, त्याला चारी बाजूंनी रंगीत काठ घालायचा. काठ असला की नमुना कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, याबद्दल वाद होत नाही.

गेल्या हिवाळ्याच्या आधी एका सोमवारी तिचा जुना कॉम्प्युटर सुरूच झाला नाही. दोन दिवसांनी नवा आला. त्यात पाटी होती, पण नवं व्हर्जन. चिन्हाचा रंग बदललेला, मेन्यू वरून डावीकडे गेलेला. मॅनेजर तिच्या मागे येऊन उभे राहिले.

"बाई, जमतंय का बघा. नाही जमलं तर सांगा, लाजू नका. बाहेर एक ऑफिस आहे. ते माउसनं चित्र काढतात आणि तयार फाइल पाठवून देतात."

"मी लाजत नाही. बघायला वेळ किती आहे ते सांगा."

"पुढच्या शनिवारी अकराला मुलांच्या दवाखान्यातल्या मेट्रन येणार. बदकांच्या पांघरुणाचा पहिला नग बघायला. तो नीट निघाला तर प्रश्नच नाही. नाही निघाला तर या मोसमापासून नक्षी बाहेरून घेऊ."

"आणि मी?"

"तुम्हाला काय काळजी? शिलाईचं टेबल आहेच की."

हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात घाबरल्यासारखं काही नव्हतं. फक्त 'टेबल' हा शब्द तिनं जरा सावकाश उच्चारला. मग म्हणाली, "तू मोकळी आहेस ना आता? एवढी पुस्तकं वाचून परीक्षा दिलीस, मला चार पानं वाचून दे."

नवी पाटी पहिल्यांदा उघडली की एक पान समोर येतं. या व्हर्जनमध्ये नवीन काय, याची यादी. लोक ते पान कोपऱ्यातल्या फुलीवर बोट ठेवून घालवून देतात. मीही देते. मावशीनं ते छापून घेतलं होतं. इंग्रजीत, बारीक टाइपात, एकतीस मुद्दे.

"एवढं सगळं वाचायचं?" मी विचारलं.

"ते सांगतायत काय काय बदललंय. घरी कुणी काही सांगायला आलं तर आपण दार लावून घेतो का?"

तिच्या खोलीत एक लांब टेबल, खिडकीखाली लोकरीच्या शंकूसारख्या रिळांची मांडणी, आणि भिंतीपलीकडे मशीनचा तो न थांबणारा सरसर आवाज. मी पहिला मुद्दा वाचला, मराठीत सांगितला. ती म्हणाली, "कळलं नाही." मी म्हणाले, "मलाही नाही." तिनं यादीवर पेन्सिलीनं एक रेघ मारली. "मग विणून बघू."

मला वाटलं चेष्टा करतेय. पण तिनं खरंच एक छोटी फाइल लिहिली, चाळीस टाके रुंद, भोवती काठ, आत दोन त्रिकोण. त्यात तो बदल करून पाहिला आणि फाइल पलीकडे पाठवली. पलीकडे नमुन्यांच्या लहान मशीनवर जे असतात त्यांना सगळे भोंगाकाका म्हणतात. तीस वर्षं मशीनच्या वरताण बोलून त्यांचा आवाज तसाच राहून गेला आहे, शांततेतही.

"ताई, हे कशाचं?" ते दारातून ओरडले.

"पहिल्या मुद्द्याचं."

"म्हणजे अजून आहेत?"

"एकतीस."

"बरं झालं विचारलं," ते म्हणाले आणि लोकर लावायला गेले.

अशी आमची दुपार ठरून गेली. मी वाचायचं, तिनं लिहायचं, त्यांनी विणायचं. विणून आलेल्या तुकड्याला ती कागदाची चिठ्ठी टाचायची, मुद्द्याचा आकडा लिहून. चौथा मुद्दा होता एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहिता येण्याचा. तिनं बारा जागी कर्सर ठेवले, एकदा १ दाबला, आणि बाराही जागी १ उमटला. ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली.

"काय झालं?"

"एकोणीस वर्षं मी एकेका बदकाला एकेक डोळा लावतेय," ती म्हणाली. मग तिनं ते सगळे १ पुसले आणि पुन्हा लिहिले. पुन्हा पुसले, पुन्हा लिहिले. भोंगाकाका दारात येऊन बघत होते. "ताई, लहान मुलीसारखं काय चाललंय?" "तुम्ही करून बघा मग बोला." त्यांनी करून बघितलं. मग पुसून पुन्हा करून बघितलं.

नववा मुद्दा मला सगळ्यात आवडला. फाइल बंद केली, कॉम्प्युटर बंद केला, तरी दुसऱ्या दिवशी कालच्या प्रत्येक पायरीवरून मागे जाता येतं. मावशी एकेक पायरी मागे जात राहिली. काल संध्याकाळचं शेवटचं पान, चहाच्या आधीचं पान, आणि त्याच्याही आधी एक त्रिकोण वाकडा पडला होता आणि तिनं सुधारला होता, तिथपर्यंत. वाकडा त्रिकोण स्क्रीनवर परत आला. "हे ठेवलंय यानं," ती हळू म्हणाली. "मी चुकले होते तेही." त्या मुद्द्याचे तिनं दोन नमुने काढले, एक सरळ, एक वाकडा. माझ्याकडे अशी सोय असलेली एकही वही नाही, असं मला वाटून गेलं.

काही मुद्दे विणता येण्यासारखे नव्हते. अक्षरांमागचा पडदा काळा करता येतो, यासाठी तिनं काळी लोकर लावली. मोठ्या फाइली आता लवकर उघडतात, यावर तिनं बराच विचार केला आणि नुसता काठ विणून घेतला, आत काही नाही.

"हा काय नमुना झाला?" काका घरी विचारत होते. ती तुकडे पिशवीत घालून घरी न्यायची आणि जेवणाच्या टेबलावर मांडायची.

"लवकर उघडण्याचा."

"दिसत तर काही नाही."

"इतक्या लवकर उघडलं."

एकोणिसावा मुद्दा अगदी साधा वाटला. मी वाचला तो असा: फाइल जतन करताना शेवटची निरुपयोगी मोकळी जागा काढून ती नीटनेटकी ठेवली जाते.

"शेवटची म्हणजे कुठली?" मावशीनं विचारलं.

"पानाच्या शेवटी, मजकूर संपल्यावर जागा उरते ना खाली, ती." मला पानंच माहीत. मी तशीच समजले आणि तसंच सांगितलं.

"मग चांगलंच आहे," ती म्हणाली, पण नमुना मात्र काढला. सरळ आला. १९ ची चिठ्ठी टाचून आम्ही विसाव्याकडे वळलो. चोविसावा आला तेव्हा ती हसली. ओळ संपल्यावरही पुढच्या मोकळ्या जागेत कर्सर ठेवता येतो, असा तो होता. "ओळ संपल्यावर पुढे जाऊन करायचं काय? फिरायला?" तिनं नमुन्याला काठाच्या बाहेर सुईनं एकच निळा टाका घातला आणि तो तुकडा पिशवीत टाकला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत एकतिसाव्या मुद्द्याची चिठ्ठी लागली. बदकांची फाइल तिनं मधल्या दिवसांत लिहून ठेवलीच होती, तीनशे वीस ओळी, वर पाय, खाली डोकं, अशा चार रांगा आणि रांगांच्या मध्ये आकाश. पांघरुणाला काठ नव्हता. दवाखान्यातली पांघरुणं एकमेकांना जोडून मोठी करता यावीत म्हणून मेट्रनबाईंनी तसंच मागितलं होतं.

गुरुवारी सकाळी मोठ्या मशीनवर पहिला नग लागला. मी तिच्या खोलीत होते. अर्ध्या तासात पलीकडचा सरसर आवाज थांबला. त्या भिंतीपलीकडे शांतता होते तेव्हा खोलीतली माणसं नकळत उभी राहतात.

"ताई," भोंगाकाका आले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता. "बदकं पळाली."

पाय जागेवर होते. पहिल्या ओळीतले सगळे पाय नीट, पिवळे. त्यांच्यावर पोट जरा डावीकडे सरकलं होतं, मान आणखी डावीकडे, आणि डोकं शेजारच्या बदकाच्या पाठीवर. ओल्या शाईवरून कुणी बाही फिरवावी तसं. वरची रांग तर थेट खालच्या रांगेच्या डोक्यावर उभी होती. मधलं आकाश कुठेच नव्हतं.

मॅनेजर आले. त्यांनी पाहिलं. "शनिवारी अकरा," एवढंच म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या खोलीचं दार उघडंच होतं. ते कुणाला तरी फोनवर विचारत होते, बदकांची तयार नक्षी उद्यापर्यंत मिळेल का.

मावशी मात्र तो तिरपा तुकडा मांडीवर घेऊन खुर्चीत बसली, केसातली बारीक सुई काढली आणि टाके मोजायला लागली.

"मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले.

"माझं मशीन ठीक आहे," भोंगाकाका म्हणाले. त्यांचा आवाज परत आला होता.

"बिघडलेलं नाहीये," मावशी मान वर न करता म्हणाली. "दुसरी ओळ तीन टाके सरकलीय. तिसरी सहा. चौथी नऊ. बिघडलेली वस्तू असं मोजून बिघडत नाही."

तिच्या चेहऱ्यावर मी ओळखते तो भाव होता. माझ्या लहानपणी कोडं सोडवताना ती माझ्यापेक्षा जास्त वेळ बसायची. तिनं तुकडा बाजूला ठेवला, पाटी उघडली आणि एका ओळीच्या शेवटी कर्सर नेला. खाली कोपऱ्यात टाक्यांचा आकडा येतो. तिथे २४० असायला हवं होतं. २३७ होतं. पुढची ओळ २३७. मग जिथे नुसतं आकाश असायला हवं त्या ओळीवर ती गेली. शून्य.

मी यादी काढली. एकोणिसावा मुद्दा पुन्हा वाचला. पानाच्या शेवटची नव्हे, प्रत्येक ओळीच्या शेवटची मोकळी जागा. बदक ओळीच्या शेवटाच्या तीन टाके आधी संपत होतं, ते तीन टाके पाटीनं जतन करताना काढून टाकले होते. मशीन ओळी बघत नाही, टाके मोजतं. दोनशे चाळीस भरायला तीन कमी पडले की ते पुढच्या ओळीतले तीन उचलतं, त्याच्या पुढे सहा, मग नऊ.

"मावशी, मी चुकीचं सांगितलं."

"तू सांगितलंस ते सोड. मी विणून बघितलं होतं ना." तिनं पिशवीतून १९ चा नमुना काढला. स्वच्छ, सरळ, चौकोनी. तिनं तो उलटा केला, सुलटा केला, आणि मग त्याच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. "काठ," ती म्हणाली.

"काठाचं काय?" भोंगाकाकांनी विचारलं.

"काठ असला की ओळ रंगीत टाक्यावर संपते. शेवटी मोकळी जागा राहतच नाही. काढायला काही नव्हतंच, तर काढणार काय? मी त्याला प्रश्नच विचारला नव्हता." एवढ्या वर्षांच्या नीटपणानं तिला फसवलं होतं, आणि तिला ते गमतीचं वाटत होतं. "पण मला एक सांग, त्याला ती जागा निरुपयोगी का वाटली?"

मी म्हणाले, बहुतेक लोक यात प्रोग्रॅम लिहितात, टिपणं लिहितात. ओळीच्या शेवटची मोकळी जागा त्यांना दिसतही नाही, नुसता कचरा.

"म्हणजे त्याच्या मनात वाईट काही नाही," ती म्हणाली. "त्याला आकाश माहीत नाही."

सेटिंगच्या तिसऱ्या पानावर तो नीटनेटकेपणा बंद करायचं बटण सापडलं. पण बटण बंद केल्यानं गेलेल्या जागा परत येत नव्हत्या, आणि पायऱ्या मागे जाऊनही नाही, कारण ही साफसफाई पाटी पायरी म्हणून मोजतच नव्हती. भोंगाकाकांनी सुचवलं, मोकळ्या जागेऐवजी ठिपके द्या, ठिपके कोण काढतंय. तिनं दहा ओळी तशा लिहून पाहिल्या आणि मान हलवली. ठिपक्यांच्या गर्दीत तिला बदक दिसेना. मग एकेका ओळीत मोजून जागा भरायच्या म्हटलं तर तीनशे वीस ओळी, आणि प्रत्येक बदकाच्या मानेशी, चोचीशी आकडा वेगळा.

"वेगळा कशाला?" ती स्वतःशीच म्हणाली. "किती गेले ते वेगळं आहे. पोचायचं सगळ्यांना एकाच ठिकाणी आहे."

तिनं पिशवी पालथी केली आणि चोविसावा नमुना शोधला, तो काठाच्या बाहेर एकटा निळा टाका. ओळ संपल्यावरही पुढे कर्सर ठेवता येतो. चौथा मुद्दा, अनेक ठिकाणी एकदम लिहिता येतं. तिनं सगळ्या तीनशे वीस ओळींवर दोनशे एकेचाळिसाव्या जागी एकदम कर्सर उभे केले, एकाखाली एक, स्क्रीनभर एक लांब उभी रेघ. खूण म्हणून एक फुली टाइप केली. जिथे ओळ संपत होती तिथपासून फुलीपर्यंतची सगळी जागा मोकळ्या टाक्यांनी भरून निघाली, आकाशाच्या रिकाम्या ओळींसकट. मग तिनं सगळ्या फुल्या एकदम पुसल्या.

फाइल जतन केली. बंद केली. उघडली. आणि खालचा बाण दाबत, कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर ठेवून ती तीनशे वीस वेळा २४० वाचत गेली. मी कंटाळून खिडकीशी गेले. ती कंटाळली नाही. मग तिनं एकोणिसाव्या मुद्द्याचे आणखी दोन नमुने काढले, काठ न घालता. एक बटण चालू ठेवून, एक बंद करून. एक तिरपा आला, एक सरळ. तेव्हा कुठे ती म्हणाली, "आता कळलं."

शुक्रवारी पांघरूण विणून झालं. शनिवारी मेट्रनबाई अकराच्या आधीच आल्या, त्यांनी ते टेबलावर पसरून दोन्ही कडा ओढून पाहिल्या, बदकांकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, गरम पाण्यात रंग जाणार नाही ना. नाही म्हटल्यावर सही केली.

त्या गेल्यावर मॅनेजर मावशीच्या खोलीत आले. त्यांच्या हातात गुरुवारचा तिरपा तुकडा होता.

"बाई, हे का झालं होतं?"

तिनं त्यांना शेजारी बसवून दाखवलं. काठाचा नमुना, बिनकाठाचे दोन, स्क्रीनवरचा आकडा. त्यांनी दोनदा विचारलं, तिनं दोनदा सांगितलं.

"बाहेरच्या ऑफिसनं काय केलं असतं?" ते म्हणाले.

"दुसरी फाइल पाठवली असती."

"ती सरळ आली असती?"

"आली असती. आधीची वाकडी का आली, ते मात्र कुणालाच कळलं नसतं. मग पुढच्या वेळी परत."

त्यांनी तो तुकडा तिच्या टेबलावर ठेवला. "बरं," ते म्हणाले. "मोसम तुमच्याकडे. त्यांना मी नाही म्हणून कळवतो."

"माझं एक आहे," मावशी म्हणाली. "यापुढे पाटीचं नवं व्हर्जन आलं की आधी मला सांगायचं. काम सुरू करायच्या आधी आठवडाभर मला हवा. आणि लोकर."

"लोकर कशाला?"

भोंगाकाका दारातून म्हणाले, "साहेब, ते विचारू नका."

"लोकर किती लागेल?" मॅनेजरनी तरी विचारलंच.

मावशीनं छापलेली चार पानं एकावर एक जुळवली आणि टाचणी लावली. "पाटीवाले किती गोष्टी बदलतात त्यावर आहे," ती म्हणाली.